तेज हवे, तेलकटपणा नको: मिश्र आणि तेलकट त्वचेसाठी नैसर्गिक प्रसाधन

लग्नसराई आणि सणासुदीच्या दिवसांत सौंदर्यप्रसाधनांची मागणी वाढते. त्याचबरोबर एक तक्रारही हमखास ऐकू येते. सकाळी नीटनेटके केलेले प्रसाधन दुपारपर्यंत विस्कटते, कपाळ आणि नाक तेलकट दिसू लागते आणि पावडरचे थर फुटतात. मिश्र ते तेलकट त्वचा असणाऱ्यांना उष्ण हवामानात हा अनुभव विशेष येतो. थरावर थर चढवून किंवा रंग उजळण्याचा दावा करणारी मलमे वापरून ही अडचण दूर होत नाही, उलट ती वाढण्याचाच संभव असतो. त्वचेचा प्रकार ओळखणे, पातळ थर देणे आणि वेष्टनावरील माहिती तपासून खरेदी करणे, ही पथ्ये पाळल्यास चेहऱ्यावर नैसर्गिक तेज राखता येते.

झाशीची पेठ आणि फणेरपेटी

उत्तर प्रदेशातील झाशी शहरात, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्या वस्तीत बडा बाजार ही पेठ आहे. १८ व्या शतकात मराठ्यांच्या अमलात या शहराचा विस्तार झाला. नारो शंकर यांच्या सुभेदारीत किल्ला वाढविण्यात आला आणि पुढे नेवाळकर घराण्याकडे कारभार आला. १८५४ मध्ये ब्रिटिशांनी संस्थान खालसा केले, तरी या काळात येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे झाशीतच राहिली. बडा बाजारातील मुरली मनोहर मंदिर आणि शहरातील गणेश मंदिर या त्या काळाच्या खुणा आहेत. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह १८४२ मध्ये याच गणेश मंदिरात झाल्याचे सांगितले जाते.

मराठी घरांमध्ये शृंगाराचे साहित्य फणेरपेटीत ठेवण्याची पद्धत होती. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी एवढेच साहित्य त्या पेटीत असे. कपाळावर प्रथम मेणाचे बोट टेकवावयाचे आणि त्यावर कोरडे कुंकू लावावयाचे, अशी रीत होती. कपाळ हा चेहऱ्याचा सर्वाधिक तेलकट भाग. घाम आणि तेल कुंकवापर्यंत पोहोचू नये आणि ते दिवसभर जागेवर राहावे, हे काम मेण करीत असे. आधुनिक प्रसाधनात ज्याला प्रायमर म्हटले जाते, त्याचे तत्त्व हेच आहे.

विसाव्या शतकात घरोघरी ‘स्नो-पावडर’ हा शब्द रूढ झाला. मुंबईत १९१९ च्या सुमारास ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो हे उत्पादन बाजारात आणले. स्नो म्हणजे त्वचेवर चोळताच दिसेनासे होणारे, तेलाचे प्रमाण कमी असलेले क्रीम. उष्ण प्रदेशात ते लोकप्रिय होण्याचे कारण उघड होते. त्याने त्वचा मऊ राहत असे, पण चेहरा तुपकट होत नसे. तेलकट त्वचेसाठी आज जी उत्पादने सुचविली जातात, त्यांच्यातही हाच गुण पाहिला जातो.

त्वचेचा प्रकार कसा ओळखावा

त्वचेतील तैलग्रंथींमधून सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतो. त्वचेतील ओलावा टिकविण्यास तो उपयुक्त ठरतो. चेहऱ्यावर या ग्रंथी दाट असून दर चौरस सेंटीमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे ४०० ते ९०० असते. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात त्या अधिक सक्रिय असतात. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकारामुळे या भागाला टी झोन म्हणतात. हाच भाग तेलकट आणि गाल कोरडे किंवा सामान्य असल्यास त्वचा मिश्र समजली जाते. गालांवरही तेल येत असल्यास ती तेलकट समजावी.

घरच्या घरी याची चाचणी करणे सोपे आहे. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पुसावा आणि तासभर त्यावर काहीही लावू नये. त्यानंतर पातळ टिपकागदाचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबावेत. कोणत्या तुकड्यावर तेलाचा डाग उमटतो, त्यावरून प्रकार लक्षात येतो. ऋतू बदलला की हा निष्कर्षही बदलू शकतो, म्हणून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात ही चाचणी स्वतंत्रपणे करणे योग्य.

तेलाचे प्रमाण मुख्यतः संप्रेरकांवर आणि आनुवंशिकतेवर अवलंबून असते. हवामानाचाही त्यावर परिणाम होतो. त्वचेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास तेल स्रवण्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, असे १९७० च्या दशकातील संशोधनात आढळले आहे. सकाळचे प्रसाधन दुपारी का विरघळते, याचे एक उत्तर यात मिळते.

तेज आणि तेलकट चमक यांतील फरक

तेज आणि तेलकटपणा या दोन्हींत चेहऱ्यावरून प्रकाश परावर्तित होतो. मात्र तो कोठून आणि कसा परावर्तित होतो, यावर सारे अवलंबून असते. तेलाचा थर आरशाप्रमाणे प्रकाश एकाच दिशेने परत फेकतो. त्यामुळे कपाळ आणि नाकावर पांढरट झळाळी दिसते, छायाचित्रात ती अधिकच ठळक होते. ओलावा असलेल्या समतल त्वचेवरून प्रकाश सर्व दिशांनी पसरतो आणि चेहरा टवटवीत दिसतो.

त्यामुळे संपूर्ण चेहरा पावडरने कोरडा केल्यास तेलाबरोबर तेजही नाहीसे होते. चेहरा मुखवट्यासारखा दिसतो आणि तासाभराने त्या पावडरमध्ये तेल मिसळून तिचे पापुद्रे होतात. तेलकट भागावरील चमक कमी करावी आणि गालांच्या उंचवट्यावरील चमक राहू द्यावी, हे नैसर्गिक प्रसाधनाचे मुख्य सूत्र आहे.

पूर्वतयारी

चेहरा दिवसातून दोन वेळा आणि खूप घाम आल्यानंतर धुणे पुरेसे असते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर अंगाचा साधा साबण अल्कधर्मी असतो. अशा साबणाने वारंवार चेहरा धुतल्यास त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते, खाज सुटते आणि कोंड्यासारखी साल निघते. अशा त्वचेवर फाउंडेशन एकसारखे बसत नाही. मुलतानी मातीचा लेप तेल शोषून घेतो, पण तो पूर्ण वाळून ताणला जाईपर्यंत ठेवू नये. मिश्र त्वचेत तो टी झोनपुरताच लावावा.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको, हा समज चुकीचा आहे. तेल आणि पाणी या भिन्न गोष्टी असून तेलकट त्वचेतही पाण्याचा अंश कमी असू शकतो. जेलच्या स्वरूपातील हलके मॉइश्चरायझर पातळ लावावे. नायसिनामाइड हा घटक असलेली उत्पादने तेल कमी करण्यास साहाय्य करतात, तर सॅलिसिलिक आम्ल रंध्रांमध्ये साचलेला मळ सैल करते. हे घटक एकाच दिवशी सुरू करू नयेत. एक वापरून काही आठवडे परिणाम पाहावा.

यानंतर सनस्क्रीन लावावे. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन अतिनील ‘बी’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के किरण अडविते, मात्र ते पुरेशा प्रमाणात लावले तरच. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेषा हे सोपे माप आहे. सावळ्या त्वचेवर काही सनस्क्रीन पांढुरकी दिसतात. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या छटेचे सनस्क्रीन घेतल्यास ही अडचण टळते. वांग किंवा काळे डाग असणाऱ्यांना त्याचा दुहेरी लाभ होतो, कारण डाग गडद करणाऱ्या दृश्य प्रकाशापासूनही आयर्न ऑक्साइड संरक्षण देते. पुष्कळांना एवढ्यानेच फाउंडेशनची गरज उरत नाही.

प्रसाधनाचा क्रम

सनस्क्रीन त्वचेत मुरण्यासाठी काही मिनिटे जाऊ द्यावीत. नंतर पुढील क्रम ठेवावा.

प्रायमर: वाटाण्याएवढा प्रायमर फक्त नाक, नाकाच्या दोन्ही बाजू, कपाळाचा मध्य आणि हनुवटी येथे बोटाने थोपटून लावावा. सिलिकॉनयुक्त प्रायमर रंध्रांचे खळगे भरून पृष्ठभाग समतल करतो. कोरड्या गालांवर त्याची आवश्यकता नसते.

फाउंडेशन: तेलविरहित, पातळ फाउंडेशन निवडावे. ते चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने, ओलसर स्पंजने थोपटत पसरवावे. ज्या ठिकाणी त्वचा मुळातच एकसारखी आहे, तेथे ते लावू नये. छटा हाताच्या पाठीवर न पाहता जबड्याच्या कडेला पाहावी. जुन्या पेठांतील दुकाने अनेकदा अरुंद गल्ल्यांत असतात आणि दिव्यांच्या प्रकाशात छटा फसवी दिसते. नमुना लावून उजेडात यावे आणि अर्धा तास थांबून निर्णय घ्यावा. त्वचेच्या तेलात मिसळल्यावर काही फाउंडेशन एक-दोन छटांनी गडद होतात.

कन्सीलर: डाग, मुरुमांचे व्रण आणि डोळ्यांखालील काळसर भाग यांवर ठिपक्याएवढाच लावावा. फाउंडेशननंतर लावल्यास तो कमी लागतो.

पावडर: ही पायरी निर्णायक आहे. पफवर अगदी थोडी पावडर घेऊन जादा झटकावी आणि टी झोनवर दाबावी, घासू नये. गालांचा उंचवटा मोकळा ठेवावा.

गाल आणि ओठ: मिश्र त्वचेच्या गालांवर क्रीम स्वरूपातील ब्लशर शोभते, तर पूर्ण तेलकट त्वचेवर पावडर स्वरूपातील अधिक काळ टिकते. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला विटकरी, पीच किंवा गडद गुलाबी छटा खुलून दिसतात. चमक आणणारा हायलायटर गालांच्या हाडाच्या वरच्या कडेला किंचित लावावा. कपाळ व नाकावर तो लावू नये, तेथील उणीव त्वचेचे तेलच तासाभरात भरून काढते. ओठांवर सौम्य रंगाचा बाम किंवा लिपस्टिक बोटाने थोपटून लावावी.

डोळे: तेलकट पापण्यांवर काजळ खाली पसरते. पापण्यांवर पावडरचा हलका हात फिरवून पाण्याने न निघणारे आयलायनर वापरावे. पारंपरिक सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते. लहान मुलांच्या डोळ्यांत तर सुरमा घालूच नये.

कुंकू आणि टिकली: काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल हे रसायन असते. त्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. खाज, लाली किंवा फिकट डाग दिसल्यास टिकली लावणे त्वरित थांबवावे.

ऋतुमानानुसार बदल

झाशीत मे आणि जून महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कोरडी लू वाहते. अशा वेळी टी झोन तेलकट आणि गाल शुष्क, अशी विसंगती वाढते. विदर्भातही उन्हाळ्यात हीच स्थिती असते. या दिवसांत गालांवर मॉइश्चरायझरचे प्रमाण वाढवावे आणि पावडर कमी करावी. पावसाळ्यात, विशेषतः गणेशोत्सवाच्या सुमारास, हवा दमट होते. कोकण आणि मुंबईत तर दमटपणा बाराही महिने जाणवतो. घाम वाळत नसल्याने या काळात फाउंडेशनऐवजी छटायुक्त सनस्क्रीन आणि थोडी पावडर एवढेच पुरेसे ठरते. बुंदेलखंडातील थंडीत मात्र तेलकट त्वचाही कोरडी पडू शकते, तेव्हा उन्हाळ्यातील उत्पादने तशीच चालू ठेवू नयेत.

दिवसभरात चेहरा तेलकट झाल्यास त्यावर लगेच पावडर लावू नये. आधी टिपकागदाने तेल टिपावे आणि मगच आवश्यकतेनुसार पावडरचा हात फिरवावा. घाम आल्यास रुमालाने पुसण्याऐवजी तो अलगद टिपावा.

रात्री प्रसाधन उतरविणे हे ते करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. प्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या मुरुमांचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्ये केले होते. गाल आणि हनुवटीवर बारीक, एकसारखे पुरळ दिसू लागल्यास नव्याने वापरात आलेल्या उत्पादनाकडे पाहावे. मायसेलर वॉटर किंवा क्लीन्सरने थर काढून मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावेत. पार्लरमध्ये प्रसाधन करून घेताना ब्रश स्वच्छ असल्याची खात्री करून घ्यावी.

खरेदी करताना

देशात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असणे अपेक्षित आहे. आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. सुट्या डबीतील, केवळ हस्तलिखित चिठ्ठी लावलेली किंवा परवाना क्रमांक नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पेठ झाशीची असो, पुण्याची असो वा दादरची, हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडतो. पावती मागून घ्यावी, तक्रार करण्याची वेळ आल्यास तिचा उपयोग होतो.

नवीन उत्पादन कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस थोडे लावून पाहावे. लग्नासाठी खरेदी केलेले प्रसाधन समारंभाच्या किमान महिनाभर आधी वापरून पाहिल्यास ऐन वेळचा मनस्ताप टळतो.

उजळपणाच्या मोहातील धोका

तेलकट त्वचेवर मुरुमांचे काळे डाग राहतात आणि ते घालविण्यासाठी अनेक जणी त्वरित गोरेपणाचा दावा करणाऱ्या क्रीमकडे वळतात. अशा काही क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉलसारखे स्टिरॉइड असते. सुरुवातीच्या काही दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते, मुरुम वाढतात आणि चेहऱ्यावर लव येते. क्रीम बंद करताच त्रास उसळत असल्याने ते सोडणेही कठीण होते. या दुष्परिणामांकडे त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने लक्ष वेधले होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची अशी १४ स्टिरॉइड औषधे अनुसूची ‘एच’मध्ये आणून त्यांच्या विक्रीस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली.

दुसरा धोका पाऱ्याचा आहे. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, परंतु शरीरात शोषला गेल्यावर मूत्रपिंडांना इजा करतो. डोळ्यांभोवती वापरावयाची प्रसाधने वगळता, तयार प्रसाधनात अजाणता आलेल्या पाऱ्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १ भागापेक्षा अधिक असू नये, असा २०२० च्या नियमांचा दंडक आहे. प्रत्यक्षात काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या तिघीही एकच क्रीम वापरीत असल्याचे आणि त्यात पाऱ्याचे प्रमाण मोठे असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले. हे वृत्त २०२३ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले होते. केरळमधील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत एनईएलएल-१ हे प्रथिन आढळले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. पाय किंवा चेहरा सुजणे आणि लघवीला फेस येणे ही या विकाराची लक्षणे आहेत. असे क्रीम वापरणाऱ्यांना ही लक्षणे दिसल्यास क्रीमची डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

स्टिरॉइडयुक्त क्रीम दीर्घकाळ वापरात असल्यास ते स्वतःहून एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोडावे. मुरुमांचे डाग जाण्यास काही महिने लागतात. योग्य उपचार, नियमित सनस्क्रीन आणि मुरुम न फोडण्याची सवय यांनी ते फिकट होतात. तोवर कन्सीलरचा एक ठिपका पुरेसा असतो.

फणेरपेटीतील मेणाचे बोट कपाळावर, कुंकवाच्या जागेपुरतेच टेकवले जात असे. साहित्य बदलले तरी ही रीत आजही उपयोगी आहे. जेथे तेल आहे तेथेच ते आवरावे, जेथे डाग आहे तेथेच तो झाकावा आणि उरलेली त्वचा मोकळी राहू द्यावी. समारंभाच्या दिवशी आरशासमोर १० ते १५ मिनिटांत एवढे होऊ शकते.